१७६९ : विशीत क्रांती पाहिलेली पिढी

इसवी सन १७६९ हे वर्ष कर्तबगार माणसांच्या जन्मांच्या बाबतीत भरघोस होते. जानेवारीत नेपोलियनचा मार्शल मिशेल ने जन्मला, फेब्रुवारीत रशियन बोधकथाकार इव्हान क्रिलोव्ह. मार्चमध्ये इंग्रज भूवैज्ञानिक विल्यम स्मिथ आणि फ्रेंच मार्शल सूल्त, एप्रिलमध्ये मार्शल लान, चित्रकार थॉमस लॉरेन्स आणि अभियंता मार्क ब्रुनेल. मे महिन्याच्या पहिल्या दोन दिवसांत पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेला आर्थर आणि मुंबईचा गव्हर्नर झालेला जॉन माल्कम. जूनमध्ये ब्रिटिश परराष्ट्रमंत्री कासलरे, जुलैमध्ये हडसन लो, ऑगस्टमध्ये नेपोलियन बोनापार्ट आणि प्राणिशास्त्रज्ञ झॉर्झ क्यूव्हिए, सप्टेंबरमध्ये अलेक्झांडर फोन हंबोल्ट. इजिप्तचा महंमद अली पाशाही स्वतःला याच वर्षाचा म्हणवून घेई.

ग्रहमान पाहणाऱ्यांना असे वर्ष म्हणजे पर्वणीच. पण या माणसांच्या चरित्रांत ग्रहांपेक्षा एक साधा हिशेब अधिक कामी येतो. १७८९ मध्ये पॅरिसमध्ये बास्तीयचा तुरुंग पडून फ्रेंच क्रांती सुरू झाली तेव्हा ही सगळी मंडळी विशीच्या उंबरठ्यावर होती. शिक्षण संपले होते किंवा संपत आले होते, हाती मोठे पद नव्हते, आणि जुनी व्यवस्था नेमकी त्याच वेळी कोसळली. दहा वर्षे आधी जन्मली असती तर यांच्यातली कित्येक माणसे कुठल्यातरी ठाण्यावर कॅप्टन म्हणूनच निवृत्त झाली असती. दहा वर्षे उशिरा जन्मली असती, तर मोक्याच्या जागा आधीच भरलेल्या असत्या.

ते वर्ष स्वतःही काही कमी गजबजलेले नव्हते. जानेवारीत जेम्स वॉटला वाफेच्या इंजिनातील स्वतंत्र संघनकाचे पेटंट मिळाले. त्याच वर्षी रिचर्ड आर्कराइटने पाण्याच्या जोरावर चालणाऱ्या सूतकताई यंत्राचे पेटंट घेतले. कोळसा, कापूस आणि कालवे यांचे जे युग पुढे आले, त्याची दोन महत्त्वाची कागदपत्रे या एका वर्षातली आहेत. जूनच्या आरंभी शुक्राचे सूर्यबिंबावरून अधिक्रमण झाले. पृथ्वीच्या निरनिराळ्या ठिकाणांहून ते मोजले की सूर्याचे अंतर काढता येते, म्हणून युरोपातील विद्वत्सभांनी जगभर माणसे पाठवली होती. कॅप्टन कुक त्यासाठीच ताहितीला गेला आणि तिथून पुढे ऑक्टोबरमध्ये न्यूझीलंडला पोहोचला.

याच अधिक्रमणाची एक करुण आणि थोडी हास्यास्पद कथा भारताच्या किनाऱ्यावर घडली. गियोम ल जांतिय हा फ्रेंच खगोलज्ञ १७६१ चे अधिक्रमण पाहण्यासाठी पाँडिचेरीला निघाला होता. वाटेत कळले की शहर इंग्रजांनी घेतले. अधिक्रमणाच्या दिवशी तो भर समुद्रात होता. डोलणाऱ्या जहाजावरून घेतलेल्या वेधांना शास्त्रीय किंमत नव्हती. पुढचे अधिक्रमण आठ वर्षांनी होते, म्हणून तो घरी परतलाच नाही. हिंदी महासागरातील बेटे, मादागास्कर, मनिला असे करत १७६८ मध्ये तो पाँडिचेरीला आला. शहर तोवर फ्रेंचांकडे परत गेले होते. तिथे त्याने वेधशाळा उभारली आणि फावल्या वेळात तमिळ पंडितांकडून ग्रहणाचे गणित समजून घेतले. मद्रासच्या इंग्रजांनी शत्रुत्व बाजूला ठेवून त्याला एक चांगली दुर्बीणही उसनी दिली. मे महिनाभर सकाळी आकाश निरभ्र होते. ४ जूनच्या सकाळी मात्र ढग आले, आणि अधिक्रमण संपल्यावर ते विरले. १७७१ मध्ये तो फ्रान्सला पोहोचला तेव्हा वारसदार त्याला मेला असे धरून इस्टेटीच्या वाटणीला लागले होते.

भारतातील राजकारण त्या वर्षी अजून कुणा एकाच्या मुठीत आलेले नव्हते. एप्रिलमध्ये हैदर अलीने मद्रासच्या वेशीवर येऊन इंग्रजांना तह करायला लावला. पुण्यात चोवीस वर्षांचे माधवराव पेशवे होते. त्यांनी नागपूरकर जानोजी भोसल्यांना कनकापूरच्या तहाने वठणीवर आणले, आणि त्याच वर्षी रामचंद्र गणेश व विसाजी कृष्ण यांच्या हाताखाली उत्तरेकडे फौज रवाना केली. महादजी शिंदे आणि तुकोजी होळकर त्या मोहिमेत होते. पानिपतानंतर मराठे पुन्हा दिल्लीकडे वळले ते या मोहिमेतून. बंगालमध्ये पाऊस दगा देऊन गेला. कंपनीची वसुली थांबली नाही. पुढच्या वर्षीच्या दुष्काळात सुमारे एक तृतीयांश प्रजा गेली असा अंदाज खुद्द कंपनीच्या अधिकाऱ्यांनी केला. लंडनमधील कंपनी मात्र तगून राहिली, आणि १७६९ मध्ये स्कॉटलंड-आयर्लंडमध्ये जन्मलेल्या दोन पोरांना तिच्याच मुलखात पुढे नशीब काढायचे होते.

नेपोलियनचा जन्म युद्धाच्या धगीतला. कोर्सिका बेट जिनोआच्या प्रजासत्ताकाने १७६८ मध्ये फ्रान्सच्या हवाली केले. पास्क्वाले पाओलीच्या नेतृत्वाखाली बेटावरच्या लोकांनी झुंज दिली, पण मे १७६९ मध्ये पोंते नोव्हूच्या लढाईत ती मोडून पडली. कार्लो बोनापार्ट हा तरुण वकील पाओलीच्या गोटातला. त्याची गरोदर बायको लेतिझिया त्याच्याबरोबर डोंगरदऱ्यांतून फिरत होती. पराभवानंतर दोघे अजॅक्सियोला परतले, कार्लोने नव्या सत्तेशी जुळवून घेतले, आणि १५ ऑगस्टला मुलगा झाला. म्हणजे फ्रान्सचा भावी सम्राट फ्रेंच झाला तो जेमतेम तीन महिन्यांच्या फरकाने. पुढे त्याच्या वैऱ्यांनी या तारखेवर बराच संशय घेतला, आणि त्याला त्याने स्वतःच निमित्त दिले होते. १७९६ मध्ये जोसेफिनशी लग्न करताना नोंदवहीत त्याने जन्मतारीख ५ फेब्रुवारी १७६८ अशी सांगितली. जोसेफिन त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी होती. तिने आपले वय चार वर्षांनी उतरवले, त्याने दीड वर्षाने चढवले, आणि कागदावर नवराबायको जवळजवळ बरोबरीची झाली.

कार्लोने जुळवून घेतल्याचा फायदा मुलाला मिळाला. घराण्याची सरदारकी फ्रेंच दरबाराने मान्य केली आणि त्या जोरावर मुलाला सरकारी खर्चाने ब्रिएनच्या लष्करी शाळेत जागा मिळाली. तिथे गेला तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि फ्रेंच नुकतीच शिकत होता. सोळाव्या वर्षी तोफखान्यात लेफ्टनंट झाला. मात्र वरच्या जागा मिळणे अवघड होते. १७८१ च्या एका फर्मानाने अधिकारी व्हायला चार पिढ्यांची सरदारकी दाखवण्याची अट घातली होती. क्रांतीने ही अट उडवली, आणि बरेच सरदार अधिकारी देश सोडून पळाल्यामुळे जागाही रिकाम्या झाल्या. चोविसाव्या वर्षी नेपोलियन ब्रिगेडियर जनरल होता.

त्याच दरवाजाने बाकीचेही आत आले. ने हा पिंपे बनवणाऱ्याचा मुलगा, लान एका रंगाऱ्याकडे उमेदवारी करत होता, सूल्त नोटरीचा मुलगा. जुन्या सैन्यात तिघांची मजल सार्जंटच्या पुढे जाणे मुश्कील होते. १८०४ मध्ये सम्राट झाल्यावर नेपोलियनने अठरा मार्शल नेमले, त्यांत हे तिघेही होते. लान १८०९ मध्ये व्हिएन्नाजवळ तोफगोळ्याने जखमी होऊन गेला. रशियातून माघार घेताना पिछाडी सांभाळणारा ने वॉटर्लूनंतर देशद्रोही ठरला. डिसेंबर १८१५ मध्ये पॅरिसमध्ये त्याला गोळ्या घातल्या. सूल्त मात्र प्रत्येक राजवटीत तरला. वॉटर्लूला तो नेपोलियनचा चीफ ऑफ स्टाफ होता, आणि १८३८ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्याभिषेकाला फ्रान्सचा राजदूत म्हणून लंडनला गेला. तिथे वेलिंग्टनने त्याचे स्वागत केले.

समुद्रापलीकडे ब्रिटनमध्ये दरवाजे वेगळ्या किल्लीने उघडत. तिथे लष्करातली पदे विकत मिळत. डब्लिनच्या एका अर्लचा हा धाकटा मुलगा आर्थर वेस्ली शाळेत सामान्य होता आणि संगीतज्ञ बापाकडून आलेले व्हायोलिन तेवढे बरे वाजवी. थोरला भाऊ रिचर्ड याच्या पैशावर तो चोविसाव्या वर्षी लेफ्टनंट कर्नल झाला, म्हणजे नेपोलियन ब्रिगेडियर झाला त्याच वर्षी. याच सुमारास त्याने व्हायोलिन जाळून टाकले असे सांगतात. १७९७ मध्ये तो कलकत्त्याला उतरला. पुढच्या वर्षी रिचर्ड गव्हर्नर जनरल होऊन आला, आणि घराण्याने आडनावाचे ‘वेलस्ली’ असे जुने रूप पुन्हा धरले. श्रीरंगपट्टण, मग धोंडिया वाघाचा पाठलाग, आणि १८०३ मध्ये दख्खन.

१८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने वसईच्या तहावर सही केली होती. त्याला पुन्हा पुण्यात बसवण्याची कामगिरी आर्थर वेलस्लीकडे आली. मे १८०३ मध्ये बाजीराव गादीवर बसला. ऑगस्टमध्ये अहमदनगरचा भुईकोट पडला. २३ सप्टेंबरला भोकरदनजवळ असईच्या शिवारात दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांच्या फौजेशी गाठ पडली. वेलस्लीजवळ सुमारे साडेचार हजार माणसे होती. समोर पोलमन या हॅनोव्हरच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली तयार झालेली शिंद्यांची पलटणे, शंभराच्या घरात तोफा आणि पसरलेले प्रचंड घोडदळ. मध्ये केळणा नदी. वाटाड्यांचे म्हणणे, पलीकडे जायला उतार नाही. वेलस्लीने दुर्बिणीतून पाहिले तर नदीच्या दोन काठांवर दोन गावे समोरासमोर दिसली. इतकी जवळची गावे आणि मध्ये येण्याजाण्याची वाट नाही, हे त्याला पटेना. उतार निघाला. केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात त्याने सैन्य नेले.

पुढचे काम सोपे नव्हते. पोलमनने तोंड फिरवून नवी फळी उभी केली ती वेलस्लीच्या अंदाजापेक्षा फार लवकर, आणि शिंद्यांचे गोलंदाज तोफांजवळून हलले नाहीत. काही जण मेल्याचे सोंग घेऊन पडले आणि इंग्रज पुढे सरकताच उठून त्यांच्या पाठीवर तोफा डागू लागले. वेलस्लीच्या अंगाखालचा एक घोडा गोळीने आणि दुसरा भाल्याने जायबंदी झाला. संध्याकाळी तोफा त्याच्या हाती आल्या, पण त्याच्या फौजेतला तीनपैकी एक माणूस मेला किंवा जखमी झाला होता. म्हातारपणी, वॉटर्लू पदरात असताना, लढाईतली तुमची सर्वांत उत्तम कामगिरी कोणती असे कुणी विचारले तेव्हा त्याने असईचे नाव घेतले. मराठी वाचकाने यातला दुसरा अर्थही पाहावा: शिंद्यांच्या कवायती पायदळाची आणि तोफखान्याची याहून मोठी पावती इंग्रजांकडून कधी आली नाही. मग नोव्हेंबरमध्ये अडगाव, डिसेंबरमध्ये गाविलगड, आणि देवगाव व सुर्जी-अंजनगावच्या तहांनी मोहीम संपली.

दख्खनमधला दुसरा पोरगा जॉन माल्कम. स्कॉटलंडच्या सरहद्दीवरच्या एका कर्जबाजारी शेतकऱ्याच्या सतरा मुलांतला एक. तेरा वर्षांचाही नसताना त्याला कंपनीच्या डायरेक्टरांपुढे उभे केले. हैदर अली समोर आला तर काय करशील, असे त्यांनी गमतीने विचारले. तलवारीने डोके उडवीन, असे उत्तर मिळाले आणि नेमणूक पक्की झाली, अशी कथा त्याच्या चरित्रांत येते. तो १७८३ मध्ये मद्रासला उतरला तेव्हा हैदर वारला होता. माल्कमने तलवारीपेक्षा जीभ अधिक चालवली. फारसी शिकला, इराणच्या शहाकडे तीनदा वकिलीला गेला, इराणचा इतिहास लिहिला. आर्थर वेलस्लीशी त्याची आयुष्यभर मैत्री होती.

मराठ्यांच्या इतिहासात माल्कम दोन ठिकाणी उभा आहे. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला होळकरांच्या फौजेवर इंग्रजांनी मिळवलेल्या विजयात तो पुढे होता. जून १८१८ मध्ये पळून थकलेल्या बाजीरावाने शरण यायची बोलणी केली ती त्याच्याशीच. सालाना आठ लाख रुपये आणि बिठूरला वास्तव्य, असे ठरले. गव्हर्नर जनरलला ही रक्कम फार वाटली; बाजीराव काही फार दिवस जगणार नाही, असा हिशेबही असावा. तो १८५१ पर्यंत जगला आणि पेन्शन घेत राहिला. त्याचा दत्तक मुलगा नानासाहेब याला ती नाकारली गेली, याचे पडसाद १८५७ मध्ये उमटले. माल्कम १८२७ ते १८३० मुंबईचा गव्हर्नर होता. सह्याद्रीच्या माथ्यावरची थंड हवा त्याला मानवली, म्हणून १८२९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी अदलाबदल करून, वाईजवळचे खंडाळा देऊन, त्याने महाबळेश्वर कंपनीकडे घेतले. तिथल्या बाजारपेठेला माल्कमपेठ हे नाव पडले ते त्याचे.

या पिढीतल्या बऱ्याच जणांच्या वाटा एका देशाच्या दिशेने वळल्या, आणि तो देश फ्रान्स किंवा इंग्लंड नव्हता, इजिप्त होता. १७९८ मध्ये नेपोलियन इजिप्तवर गेला. बरोबर लान होता आणि शास्त्रज्ञांचा मोठा ताफा. त्या ताफ्यात यायचे आमंत्रण क्यूव्हिएला मिळाले होते. पॅरिसमधील आपला संग्रह सोडून जायला तो तयार झाला नाही. हंबोल्टला मात्र जायचे होते. तो मार्सेला जहाजाची वाट पाहत राहिला, जहाज मिळाले नाही, म्हणून स्पेनकडे वळला. फ्रेंचांना हाकलायला १८०१ मध्ये इंग्रजांनी सैन्य उतरवले, त्यात कोर्सिकातून पळालेल्या लोकांची एक पलटण होती आणि तिचा प्रमुख हडसन लो. मुंबईहून निघालेल्या फौजेबरोबर आर्थर वेलस्लीही जायचा होता. मुंबईतच तापाने आणि खरजेने त्याला गाठले. ज्या जहाजाने तो जाणार होता ते वाटेत बुडाले. आणि तुर्की सुलतानाने पाठवलेल्या अल्बेनियन तुकडीबरोबर कव्हाला बंदराचा एक तंबाखूचा व्यापारी त्याच वर्षी इजिप्तला आला: महंमद अली.

फ्रेंच गेले, इजिप्तवर हुकूमत असलेले मामलुक सरदार खिळखिळे झाले, आणि त्या पोकळीत महंमद अलीने १८०५ मध्ये पाशाचे पद मिळवले. १८११ मध्ये त्याने मामलुक सरदारांना कैरोच्या किल्ल्यात मेजवानीला बोलावून त्यांची कत्तल केली. त्यानंतर त्याने कालवे खोदले, लांब धाग्याचा कापूस लावला, बूलाकला छापखाना काढला, मुले शिकायला पॅरिसला पाठवली. शेतकऱ्यांना वेठीला धरून हे सारे झाले. त्याचे घराणे १९५० च्या दशकापर्यंत इजिप्तवर राहिले. नेपोलियन आणि वेलिंग्टन यांच्या वर्षी आपण जन्मलो असे तो आवडीने सांगे. काही इतिहासकार त्याचे वर्ष १७७० किंवा १७७१ धरतात. या बाबतीत वेलिंग्टनचीही स्थिती फार चांगली नाही. चर्चच्या नोंदी आणि घरच्यांच्या आठवणी यांचा दिवस जुळत नाही, तो स्वतः १ मे पाळी. अठराव्या शतकातल्या कुठल्याही जन्मतारखेकडे थोडे जपूनच पाहावे लागते.

क्यूव्हिए पॅरिसला राहिला, पण इजिप्त त्याच्याकडे आले. मोहिमेवरून परतलेल्यांनी हजारो वर्षांपूर्वीच्या आयबिस पक्ष्यांच्या ममी आणल्या. त्याने त्यांची हाडे आजच्या आयबिसशी ताडून पाहिली. फरक दिसला नाही. त्यावरून त्याने प्राण्यांच्या जाती बदलत नाहीत असा निष्कर्ष काढला. निष्कर्ष चुकीचा होता, तीन-चार हजार वर्षे हा काळ त्यासाठी अगदीच तोकडा. पण हाडे ताडून पाहण्याची हीच पद्धत त्याने १७९६ मध्ये हत्तींवर वापरली होती, आणि तिथे तो अचूक ठरला. भारतीय हत्ती आणि आफ्रिकी हत्ती या वेगळ्या जाती आहेत आणि सायबेरियात सापडणारा मॅमथ या दोहोंपेक्षा निराळा आहे, हे त्याने दाताजबड्यांवरून दाखवले. एवढा मोठा प्राणी जिवंत असता तर कुणाला दिसला असता. अर्थात तो नष्ट झाला आहे. एखादी जात पृथ्वीवरून समूळ नाहीशी होऊ शकते, हे शास्त्राने मान्य केले ते या कामामुळे. त्याच्या कीर्तीवर एक डागही आहे. दक्षिण आफ्रिकेतून आणून युरोपात तमाशासारखी दाखवलेली सारा बार्टमान १८१५ च्या अखेरीस वारली, तेव्हा क्यूव्हिएने तिच्या देहाचे विच्छेदन करून अवशेष संग्रहालयात ठेवले. ते २००२ मध्ये मायदेशी परत गेले.

विल्यम स्मिथची गोष्ट वेगळ्या थरातली. ऑक्सफर्डशायरमधल्या चर्चिल गावच्या लोहाराचा हा मुलगा, आठव्या वर्षी बाप गेला. गावातल्या गवळणी लोणी तोलायला मापाऐवजी एक गोल दगड वापरत. तो साधारण एक पौंड भरे. पोरे गोट्या खेळत ते खडेही असेच विचित्र घडणीचे. ते दगड म्हणजे समुद्री साळीचे जीवाश्म आणि ते खडे म्हणजे शिंपल्यांचे. समुद्रापासून इतक्या दूर हे आले कुठून, हा प्रश्न पोराच्या डोक्यात राहिला. मोठेपणी तो मोजणीदार झाला. वॉटच्या इंजिनांना कोळसा हवा होता, कोळशाला कालवे हवे होते, आणि कालवा खणताना जमिनीचे पोट उघडे पडे. सॉमरसेटमध्ये काम करताना त्याला दिसले की खडकांचे थर ठरलेल्या क्रमाने येतात आणि प्रत्येक थरातले जीवाश्म निराळे असतात. दोन ठिकाणचे खडक रंगाने सारखे असोत की नसोत, जीवाश्म जुळले तर थर एकच.

या एका सूत्रावर त्याने घोड्यावरून, घोडागाडीतून आणि पायी देश पालथा घातला आणि १८१५ मध्ये इंग्लंड-वेल्सचा भूशास्त्रीय नकाशा काढला. वॉटर्लूला सहा आठवडे झाले होते. अडीच मीटर उंचीचा, प्रत्येक प्रत हाताने रंगवलेला. जिऑलॉजिकल सोसायटीच्या उमरावांनी या लोहाराच्या पोराला आपल्यात घेतले नाही, उलट स्वतःचा नकाशा काढायला घेतला. कर्जापायी १८१९ मध्ये स्मिथ लंडनच्या किंग्ज बेंच तुरुंगात गेला. त्याच संस्थेने १८३१ मध्ये आपले पहिले वुलॅस्टन पदक त्याला दिले.

किंग्ज बेंचमध्ये दोन वर्षांनी याच वर्षाचा आणखी एक माणूस येऊन पडला, मार्क ब्रुनेल. नॉर्मंडीचा हा राजनिष्ठ फ्रेंच क्रांतीच्या धामधुमीत अमेरिकेला पळाला आणि तिथून इंग्लंडला आला. लढाऊ जहाजाला शेकडो कप्प्या लागत आणि त्या हाताने बनत. ब्रुनेलने पोर्ट्समथला यंत्रांची अशी मालिका उभी केली की एकशे दहा कारागिरांचे काम दहा साधे मजूर करू लागले. मग त्याने सैनिकांचे बूट यंत्रावर बनवायला सुरुवात केली. वॉटर्लूने युद्ध संपवले, मागणी आटली, बुटांचा ढीग पडून राहिला आणि ब्रुनेल दिवाळखोर झाला. सरकारने पाच हजार पौंड देऊन त्याला सोडवले. त्याच्या पाठीराख्यांत वेलिंग्टन होता. पुढे त्याने थेम्स नदीच्या पोटातून बोगदा खणला. तो १८४३ मध्ये खुला झाला. लाकूड पोखरणारा जहाजकिडा डोक्याशी कवच धरून पुढे सरकतो, ते पाहून खोदकामाची संरक्षक चौकट सुचली, असे तो सांगे.

हंबोल्टला यांच्यासारखी पैशाची चणचण नव्हती, निदान सुरुवातीला. आई वारल्यावर मोठी इस्टेट हाती आली आणि त्याने खाणखात्याची नोकरी सोडली. १७९९ ते १८०४ अशी पाच वर्षे तो एमे बाँप्लांबरोबर दक्षिण अमेरिका, मेक्सिको, क्युबा असा हिंडला. जून १८०२ मध्ये चिंबोराझो पर्वतावर ५,८०० मीटरच्या वर पोहोचला. तोवर इतक्या उंचीवर गेल्याची कुणाची नोंद नव्हती. चढताना कुठल्या उंचीवर कुठली झाडे लागतात हे तो टिपत गेला आणि पर्वताच्या छेदचित्रावर वनस्पतींची नावे लिहून छापली. सारख्या तापमानाची ठिकाणे रेषेने जोडण्याची नकाशातली पद्धतही त्याचीच. चिंबोराझोनंतर त्याला हिमालय पाहायचा होता. त्यासाठी १८१४ पासून तो लंडनला पुन्हा पुन्हा गेला, पण ईस्ट इंडिया कंपनीने परवानगी दिली नाही. स्पॅनिश वसाहतींतील गुलामगिरी आणि लूट यांवर त्याने सडकून लिहिले होते. आपल्या मुलखात असा निरीक्षक कंपनीला नको असणे समजण्यासारखे आहे. भारतात तो आला नाही. थोरला भाऊ विल्हेल्म मात्र बर्लिनमध्ये बसून संस्कृत शिकला आणि त्याने भगवद्गीतेवर व्याख्याने दिली.

राजकारणातला शेवटचा अंक वॉटर्लूनंतरचा. त्या लढाईचा दिवस, १८ जून १८१५, हा कासलरेचा सेहेचाळिसावा वाढदिवस. युद्धाची आणि तहाची सारी सूत्रे परराष्ट्रमंत्री म्हणून त्याच्याकडे होती. सेंट हेलेना बेटावर नेपोलियनचा पहारेकरी म्हणून हडसन लो गेला. कोर्सिकाच्या पळपुट्यांचा सेनानी कोर्सिकाच्या सर्वांत प्रसिद्ध माणसावर नेमण्यात मुत्सद्देगिरी फारशी नव्हती, आणि दोघांचे अखेरपर्यंत पटले नाही. त्या बेटावर काही काळ आरमाराचा प्रमुख होता जॉन माल्कमचा भाऊ पुल्टनी. त्याच्याशी नेपोलियनचे बरे जमे. भारतातून परतताना १८०५ मध्ये वेलिंग्टनही याच बेटावर उतरला होता. विजेत्यांची चित्रे काढायचे काम थॉमस लॉरेन्सकडे आले. ती विंडसर राजवाड्याच्या वॉटर्लू दालनात आहेत.

साहित्यात हे वर्ष मधल्या वजनाचे. क्रिलोव्हच्या बोधकथा रशियन मुलांना पाठ असतात. पोल्ताव्हाचा इव्हान कोत्ल्यारेव्स्की याने बोलीभाषेत लिहिलेल्या विनोदी ‘एनेइदा’पासून आधुनिक युक्रेनियन साहित्याची सुरुवात मानतात. नोव्हेंबरमध्ये जन्मलेली नॉर्विचची अमेलिया ओपी ही कादंबरीकार आणि गुलामगिरीविरोधी चळवळीतली कार्यकर्ती. कोशांतल्या १७६९ च्या याद्यांत स्त्रियांची नावे मोजकीच, आणि युरोपाबाहेरची माणसे त्याहून कमी. ज्यांना विशीत दार उघडे मिळाले, त्यांचीच ही यादी आहे.

नेपोलियन १८२१ मध्ये गेला, कासलरेने पुढच्या वर्षी आत्महत्या केली. वेलिंग्टन १८५२ पर्यंत होता. हंबोल्ट १८५९ मध्ये, नव्वदीला चार महिने उरले असताना वारला. १८६९ मध्ये शताब्दी आली तेव्हा तिसऱ्या नेपोलियनने ऑगस्टमध्ये काकाची जयंती थाटाने साजरी केली. पुढच्याच वर्षी सेदानच्या लढाईत त्याचे राज्य गेले. १४ सप्टेंबरला बर्लिनपासून न्यूयॉर्कपर्यंत हंबोल्टच्या मिरवणुका निघाल्या आणि सेंट्रल पार्कमध्ये त्याचा अर्धपुतळा बसवला गेला. विल्यम स्मिथच्या चर्चिल गावात स्मारक उभे राहायला १८९१ साल उजाडले.